कल्हई आणि झाळ

उर्दूत तुम्ही 'कलई' म्हणता, तीच मराठीतली 'कल्हई'.

माझे बालपण साताऱ्यात गेले. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते. म्हणून कल्हईवाला दारी येई. तो भाता चालवी, भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कथिल कापसाने आतून फिरवी. भांडे चांदीसारखे चमके.

पुढे आम्ही सांगलीला आलो. तेथे एकदा कढईचा कान निखळला. आई तांबटकाकांना म्हणाली, ''झाळ लावून द्या.''

''नको, वहिनी. झाळ विस्तवावर टिकत नाही. शिवाय तिच्यात शिसे असते,'' असे म्हणून त्यांनी भोके पाडली आणि तांब्याचे खिळे घालून दोन्ही तोंडांनी ठोकून चपटे केले. यालाच रिव्हेट म्हणतात.

त्यांचे म्हणणे खरे होते. निव्वळ कथिल 232 अंश सेल्सिअसला वितळते; पण कथिल-शिशाची झाळ 183 अंशांनाच वितळू लागते. पुऱ्या तळताना तेल जवळजवळ तेवढेच तापते. कान सुटला तर उकळते तेल अंगावर येईल! शिसे अन्नात उतरले तर मुलांच्या मेंदूला इजा होते, आणि त्याची थोडी मात्राही सुरक्षित नाही.

म्हणून भांडे घरी झाळू नका. कुकरला तर मूळ भागच बसवून घ्या. कल्हई असो वा सांधा, कारागिराला आधी विचारा, ''यात शिसे नाही ना?''