हातातले आणि हाताबाहेरचे

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या चौसाळ्यात पावसाने ओढ दिली किंवा सोयाबीनचा भाव पडला की एक वाक्य हमखास कानी पडते : 'आपल्या हातात काय हाय?' व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य प्रश्नार्थक असले, तरी विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते. 'काहीच नाही' हे उत्तर त्यात आधीच धरलेले असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात गुलाम म्हणून जन्मलेला आणि पुढे निकोपोलिस येथे पाठशाळा चालवणारा एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ नेमका हाच प्रश्न विचारतो. फरक इतकाच, की त्याला उत्तर हवे असते, आणि तेही दरवेळी, समोरच्या कामापुरते. प्रस्तुत लेखकाने 2025 च्या खरीप हंगामात आपल्या साडेतीन एकरांच्या कोरडवाहू रानात हा प्रश्न उत्तरासह विचारून पाहण्याचा प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नात जे साधले त्याबरोबर जे फसले तेही येथे नोंदवले आहे.

इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास झेनो याने अथेन्समधील ज्या चित्रांकित, खांबांच्या पडवीत शिकवण्यास आरंभ केला, त्या पडवीसाठी ग्रीक भाषेत 'स्टोआ' हा शब्द आहे आणि त्यावरूनच या पंथास 'स्टोइक' हे नाव पडले. एपिक्टेटसच्या मांडणीनुसार माणसाचे मत, इच्छा आणि निवड एवढ्याच गोष्टी त्याच्या ताब्यात असतात. शरीर, मालमत्ता, लौकिक व अधिकार या गोष्टी नसतात. मालमत्ता किंवा आरोग्य यांना स्टोइक 'तटस्थ' म्हणतात; त्या मिळाव्यात असे वाटणे गैर नाही, मात्र त्यांच्या असण्या-नसण्यावर माणसाचे भले-बुरे ठरत नाही, असा या संज्ञेचा अर्थ आहे. हे सारे मराठवाड्याला फार परके वाटण्याचे कारण नाही, कारण रोमन साम्राज्यात स्टोइक लेखक सेनेका आणि एपिक्टेटस ज्या शतकात जगले, त्याच शतकात शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचे, म्हणजे प्राचीन तगरचे, कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदराकडे आणि तेथून समुद्रापार जात होते. अर्थात कापडाबरोबर विचारही आले-गेले, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

व्यवहारात ही साधना सुरू झाली ती गोणपाटापासून. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरण्यापूर्वी ते किती उगवते हे पाहण्याची साधी रीत अशी, की पोत्यातून सरसकट काढलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट अंथरून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहावे आणि काही दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजावेत. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या गुंडाळीत त्र्याहत्तर निघाले. स्टोइकांनी तिरंदाजाचा दाखला दिला आहे : नेम नीट धरणे हे तिरंदाजाचे काम, बाण सुटल्यानंतर तो लक्ष्यावर बसतो की नाही ही त्याच्या कामाबाहेरची गोष्ट. दाणे मोजणे, बीजप्रक्रिया करणे, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत शेजारची तिफण चालू झालेली दिसत असतानाही स्वतःची न जुंपणे आणि जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून रुंद सरी-वरंब्यावर पेरणे, ही सगळी नेम धरण्याची कामे होत. यांतले सर्वांत अवघड, न जुंपणे.

दुसरा अभ्यास घरात अडला. संभाव्य अनिष्टाची आगाऊ कल्पना करून मन तयार ठेवावे असे सेनेका सांगतो. मराठी घरात मात्र वास्तुपुरुष सतत 'तथास्तु' म्हणत असतो, त्यामुळे 'पीक वाहून गेले तर' हे वाक्य मोठ्याने उच्चारताच आईने ते तेथेच थांबवले. अनिष्टचिंतनाचा हा पाठ त्यानंतर रानातल्या बांधावर, मनातल्या मनात करण्यात आला. सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, सखल भागातल्या दीड एकरातील काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात राहिले आणि शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. जूनमध्ये गोणपाटावर जे मोठ्या कौतुकाने मोजले होते, तेच आता नको तेथे उगवले होते. आईने तथास्तूचा विषय काढला नाही. आगाऊ कल्पनेचा उपयोग किती झाला, तर धक्का टळला नाही, पण दुसऱ्याच दिवशी वरच्या अंगाचे पीक कापून ताडपत्रीखाली नेण्याइतके हात मोकळे राहिले.

खरी फजिती पुढे झाली. पंचनाम्यानंतरच्या यादीत गट क्रमांक चुकीचा पडला, आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी एका कार्यालयात तिसरा हेलपाटा घालताना प्रस्तुत लेखकाचा आवाज इतका चढला, की रांगेतल्या वृद्ध गृहस्थांना मध्ये पडावे लागले. सेनेकाने क्रोधावरील आपल्या ग्रंथात, दिवा मालवल्यावर दिवसभराच्या वागण्याची झडती घेण्याची सवय सांगितली आहे. त्यानुसार त्या रात्री वहीत झडती लिहिली गेली. पहिल्या तीन ओळी समोरच्या कारकुनाविषयीच्या होत्या. त्या खोडून लिहिलेली चौथी ओळ अशी : यादी हाताबाहेरची होती, आवाज नव्हता, अर्ज मात्र हातातला आहे, तो उद्या पुन्हा द्यायचा. समत्व म्हणजे हक्क सोडणे नव्हे, हे पुस्तकातून कळले असले तरी पटले ते येथे.

या तत्त्वज्ञानाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. मुकादमाची उचल फेडण्यासाठी दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला शांत राहण्याचा उपदेश करणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल. एपिक्टेटसच्या तोंडी सहनशीलता शोभते, कारण तो दास्यातून आला होता. याच पंथातल्या रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसनेही आपली टिपणे स्वतःपुरतीच लिहिली होती. ही शिस्त स्वतःला लावण्याची आहे. लेखकाने ती इतरांना सांगण्याचा मोह एकदाच केला, आणि त्याचे फळ म्हणून त्याला पारावर आठवडाभर 'महाराज' ही पदवी मिळाली.

ऑक्टोबरात रानाला वापसा आला, म्हणजे पाय रुतणार नाही आणि ओलही राहील इतपत माती सुकली. बांधावर आलेल्या शेजारच्या काकांनी काळवंडलेल्या शेंगांकडे पाहत नेहमीचे वाक्य उच्चारले, 'आपल्या हातात काय हाय?' हरभऱ्याचे दीड पोते आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी आधी वाण विचारला, मग तिफण मोकळी कधी होईल ते विचारले.