ऑटोक्लीन

मागच्या महिन्यात दोन दिवस सांगलीला घरी गेलो होतो. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर मीच कधीतरी डेबियन टाकून दिलंय. त्यावर डिस्क भरल्याचे मेसेज येत होते. पोरगा सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे चहा यायच्या आत लॅपटॉप समोर!

आधी सगळं अपग्रेड केलं आणि मग ॲप्टच्या कॅशचा फोल्डर उघडला. ॲप्ट-गेट जे जे डाउनलोड करतं, त्या डेब फाइल्स तिथे साठत जातात. (नुसती 'ॲप्ट' कमांड २०१६पासून इन्स्टॉल झाल्यावर फाइल स्वतःच उडवते. मी मात्र जुन्या सवयीने ॲप्ट-गेटच टाइप करतो.) 'क्लीन' म्हटलं की सगळंच साफ. ते जरा जास्त वाटलं, म्हणून 'ऑटोक्लीन' मारलं. नावावरून वाटलं, थोडा विचार करून पुसत असेल. बरीच जागा मोकळी झाली, मी खूश.

रविवारी सकाळी बाबा आजोबांची पत्रं स्कॅन करायला बसले, तर स्कॅनर सापडेचना. रिटायर झाल्यापासून हा त्यांचा उद्योग आहे. शाई फिकी होत चाललीय, म्हणून रोज दहा-बारा पत्रं. अपग्रेडमध्ये ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली होती आणि ती या जुन्या मशीनला ओळखच देईना.

"मग जुना ड्रायव्हर परत टाक की," बाबा म्हणाले.

बरोबरच होतं. पण त्याची फाइल मी आदल्या रात्रीच घालवली होती.

तेव्हा कुठे मॅन पेज नीट वाचलं. फाइल किती जुनी, किती मोठी, शेवटची कधी वापरली, यातलं काहीच ऑटोक्लीन बघत नाही. ही आवृत्ती रिपॉझिटरीच्या यादीत अजून आहे का, एवढंच बघतं. नवी आवृत्ती आली की जुनी यादीतून जाते आणि मग कॅशमधूनही जाते. म्हणजे नेटवरून कधीही परत आणता येईल ती फाइल जपायची, आणि आणता येणार नाही ती फेकायची! आमच्या आईचा माळा नेमका उलट चालतो. बाजारात मिळतं ते कशाला ठेवायचं, म्हणते. पितळी बंब मात्र अजून तिथेच.

तसं ॲप्टचं चुकलं नाही. कॅश असते ती पुन्हा डाउनलोड करायला लागू नये म्हणून. जी आवृत्ती यादीतच नाही ती ॲप्ट मागणारच नाही, मग फाइल ठेवून करायचं काय? कॅशला बॅकअप समजलो ते मी. आर्च लिनक्सवरचं पॅककॅश मात्र प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या ३ आवृत्त्या ठेवतं. माणसाला कधीतरी मागे जावं लागतं, हे तिथे कोणीतरी अनुभवलं असणार.

असो. स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्गवर जुनी पॅकेजेस तारखेनुसार ठेवलेली असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जुना ड्रायव्हर उतरवला, टाकला आणि ॲप्ट-मार्क होल्ड करून त्याचं पुढचं अपग्रेड अडवलं. (त्याचे सिक्युरिटी अपडेटही अडणार, कल्पना आहे.) दुपारी स्कॅनर घरघरायला लागला.

निघताना बाबांनी ती डेब फाइल पेनड्राइव्हवर मागून घेतली. पेनड्राइव्ह पत्रांच्याच पेटीत गेला.