परकी स्लेट

नऊ फुटी पूल टेबलाच्या तीन स्लेट एकाच संचातल्या असाव्या लागतात. कारखान्यात त्या एकत्र घासलेल्या असतात, कडेवर संचाचा आकडा असतो. पुण्याच्या कॅम्पातून माझ्याकडे आलेल्या टेबलाच्या दोन स्लेटवर एक आकडा होता आणि मधलीवर भलताच. सांगाडा सागवानी, पण तिसऱ्याच कुठल्यातरी टेबलासाठी केलेला. कुशनचं रबर तर चक्क स्नूकरचं. मालक कौतुकाने म्हणाले, "विलायती आहे." मी मान डोलावली.

कुशनचं निस्तरता येतं. नाकाची उंची बॉलच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के, म्हणजे सव्वादोन इंची बॉलला साधारण ३६ मिलीमीटर. नाक खाली राहिलं की बॉल उसळतो, वर गेलं की दबतो आणि मरतो. पूलचं रबर आणलं, पट्टीची बैठक रंध्याने उतरवली, झालं. मधली स्लेट मात्र काही केल्या बसेना.

सांधा आडव्या तुळईवर यायला हवा. इथे सांगाड्याचं माप वेगळं, त्यामुळे एक सांधा तुळईपासून चार बोटं बाजूला, अधांतरी. शिवाय परक्या स्लेटला पोटात किंचित बाक. दोन्ही टोकं शेजारणीशी जुळवली की मधोमध कड वर राहायची. मध्य दाबला की टोकं फरक दाखवायची. जागतिक नियमांत सांध्याला ०.१२७ मिलीमीटरपर्यंत सूट आहे, म्हणजे वहीच्या एका कागदापेक्षा जरा जास्त. जोरात मारलेल्या बॉलला तेवढं कळत नाही. हळू सोडलेल्या बॉलला कळतं. तो सांध्यापाशी येतो, क्षणभर अडखळतो आणि दोन सूत डावीकडे वळतो. पट्टीचा खेळाडू त्या वळण्याला शिव्या घालतो आणि चूक स्वतःच्या हाताची समजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इतकी वर्षं सांधा मी बोटांनीच पारखला. पाणसळ आणि मशिनिस्ट लेव्हल मी लावतो, पण शेवटचा शब्द उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा. त्या बोटाचा मला गर्व होता. आणि तो मी लपवलाही नाही. मालक, गुण मांडणारा मार्कर, कुणीतरी बघत असलं की मी मुद्दाम डोळे मिटून स्लेटवरून हात फिरवायचो. आता वयाने बोटांची टोकं बधिरली आहेत. या टेबलावर मी सांधा जमला म्हणून हात काढला आणि हाताखालचा मुलगा म्हणाला, "काका, इथं लागतंय." मी पुन्हा हात फिरवला. मला काही लागेना. बॉल सोडला. बॉल वळला.

मग आम्ही तुळई हलवायचं सोडून सांध्याखाली सागवानाची नवी तुळई घातली, दोन्ही बाजूंना खाचा पाडून, आणि तिच्या नि स्लेटच्या मध्ये पाचरी मारत गेलो. मुलगा सांध्यावर बोट ठेवून "अजून", "बस" म्हणायचा आणि मी खालून हातोडीने टिचकी मारायचो. उताणं पडून दुसऱ्याच्या बोटाच्या हुकमावर पाचर मारणं मला जड गेलं, पण काम त्यानेच पुढे सरकलं. बाक तरीही पूर्ण गेला नाही. तो दगडातच आहे. त्याला आम्ही सांध्यापासून दूर, सहसा बॉल हळू येत नाही अशा पट्ट्यात ढकललं.

फट मेणाने भरली, मेणात थोडी राळ. हल्ली काही फिटर मोटारीच्या गॅरेजातली लांबी भरतात. दिसायला सुरेख, दगडासारखी घट्ट. टेबल हलवायची वेळ आली की स्लेटची कड त्या लांबीबरोबर टवके होऊन निघते, आणि तोवर फिटर पैसे घेऊन गेलेला असतो. पार्लरवाल्यांना याचं काही नाही. त्यांच्याकडे आता स्लेटऐवजी दाबीव लाकडाची टेबलं येतात, पहिल्याच पावसाळ्यात फुगतात. विल्सन जोन्स याच पुण्याचे. १९५८ साली कलकत्त्यात ते जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. त्यांच्या पुण्यात फुगलेल्या लाकडावर मुलं खेळायला शिकतात, हे मला सहन होत नाही. सागवानही पावसात हलतो, पण त्याची पाचर पुन्हा मारता येते. दसऱ्यानंतर एकदा बोलवा, असं मालकांना सांगून ठेवलं आहे.

कापड चढवायच्या आधी स्लेटवर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहायची आमची रीत. या टेबलावर, जुनं कापड काढलं तेव्हा, परक्या स्लेटवर एक पुसट इंग्रजी सही निघाली होती. ती मी राहू दिली. तिच्याशेजारी माझं नाव लिहिलं. मुलगा बाजूला उभा होता, पेन्सिलीकडे बघत. त्याचं नाव तिथे यायला हवं होतं, त्याच्याच बोटाने सांधा बसला होता. मी पेन्सिल खिशात घातली आणि कापडाचं टोक धरायला सांगितलं.