खुले म्हणजे कुणासाठी खुले?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीने कॉलेजात सायबर सुरक्षा हा विषय घेतला. बाहेरच्या क्लासची फी भरायला आईने बचत गटातून कर्ज काढले. पुढे कळले, की क्लासमध्ये शिकवलेले वायरशार्क, काली लिनक्स आणि ते वापरण्याची माहिती, सारे इंटरनेटवर मोफत आहे. मग कॉलेजने हे सांगितले का नाही? आम्ही समाजशास्त्र शिकलेली माणसे. म्हणून थेट शिकवणाऱ्यांनाच भेटून विचारले.

एक सर म्हणाले, "फुकटच्या साहित्याचा भरवसा काय?" हे आम्हाला पटले नाही. ओवॅस्प ही संस्था वेब ॲप्लिकेशनमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी सर्वांना मोफत देते. २०१७च्या यादीत 'इंजेक्शन' पहिले होते. २०२१ला प्रवेश-नियंत्रणातल्या त्रुटी पहिल्या आल्या. छापील पुस्तक नवी आवृत्ती निघेपर्यंत जुनेच सांगत राहते. भरवसा तपासून ठरवायचा असतो, किमतीवरून नाही.

दुसऱ्या सरांना धास्ती होती: "पोरांच्या हाती ही साधने दिली आणि कुणी भलताच उद्योग केला तर?" परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो, हे खरेच. पण त्याच ओवॅस्पने वेबगोट, ज्यूस शॉप ही मुद्दाम सदोष ठेवलेली ॲप्लिकेशन्स सरावासाठी दिली आहेत. ती स्वतःच्या यंत्रावर चालवता येतात. कायदाही त्याच तासाला शिकवावा.

तिसऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. त्या म्हणाल्या, "इंग्रजीतले साहित्य निवडायचे, अभ्यासक्रमाशी जुळवायचे, मराठीत समजावायचे. मानधन फक्त शिकवलेल्या तासाचे मिळते. तयारीचे कोण देणार? आणि तुमच्या पोरांकडे मोबाइल आहे, लॅपटॉप कुठे आहे?" इथे आम्ही गप्प झालो.

'मुक्त शैक्षणिक साहित्य' ही संज्ञा २००२ साली युनेस्कोच्या बैठकीतून पुढे आली. त्यामागचा विचार असा, की ज्ञान वापरावे, गरजेप्रमाणे बदलावे, आपल्या भाषेत आणावे आणि वाटावे. पण महाडचे तळेही नगरपालिकेने १९२४ सालीच ठराव करून खुले केले होते. आपली माणसे त्या पाण्यापर्यंत पोहोचली ती १९२७ साली, आणि तीही मार खाऊन. कागदावर खुले झाले म्हणून ओंजळीत पाणी येत नाही. इथेही परवाना खुला आहे, पण कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी पाचला कुलूपबंद होते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्रयोगशाळा संध्याकाळीही उघडी ठेवा. तासिकेवरच्या शिक्षकांना साहित्य तयार करण्याच्या वेळेचेही मानधन द्या. त्यांनी मराठीत केलेल्या नोट्स सगळ्या कॉलेजांना वापरता येतील अशा खुल्या ठेवा. यातले काहीच करायचे नसेल, तर 'मोफत आहे, शिकत का नाही?' असे आमच्या पोरांना विचारू नका. त्या आईचे हप्ते अजून चालू आहेत.