मळवलीला उतरा, दोन लेण्यांची वाट चाला

पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलचे मळवली हे लोणावळ्याआधीचे शेवटचे स्टेशन. आपले कितीतरी बांधव कामाधंद्यासाठी या मार्गाने रोज जातात-येतात. गाडी मळवलीला थांबली की दोन्ही बाजूंना डोंगर दिसतात. उत्तरेच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत, दक्षिणेच्या डोंगरात भाज्याची. मधे इंद्रायणी नदी आणि तिच्या खोऱ्यातली भातशेती. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ठेवा रेल्वेच्या रुळापासून इतका जवळ आहे, पण येथे उतरून पायी फिरलेली कुटुंबे आपल्यात थोडीच सापडतील. सहल हे पैसेवाल्यांचे काम, अशी आपली समजूत झालेली असते. ती दूर व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या वस्तीतली सात-आठ कुटुंबे मिळून आम्ही निघालो. सर्वांत लहान मुलगा दुसरीतला आणि सर्वांत थोरल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. खर्च म्हणाल तर लोकलचे तिकीट आणि लेण्यांच्या प्रवेशाचे तिकीट. पंधरा वर्षांखालील मुलांना तेही लागत नाही.

पावसाळ्यात या भागात धबधब्यासाठी झुंबड उडते. पण तेव्हा वाटा निसरड्या असतात आणि दरडींचे भय असते. जुलै १९८९ मध्ये भाजे गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. म्हणून लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हिवाळाच बरा. ऊन सोसवते, रानही अजून अगदी वाळलेले नसते.

स्टेशनातून दक्षिणेला निघालो. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात भाजे गाव येते. गावामागून बांधीव पायऱ्या चढतात. बाजूला करवंदीच्या जाळ्या आणि झाडांची सावली. आजी दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर बसत आणि आम्हीही त्यांच्याबरोबर बसत असू. कोणाला घाई नव्हती. याच बाजूला वर लोहगड आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी तो जरूर चढावा. आमची वाट मात्र सर्वांना झेपेल अशीच होती.

भाज्याला बावीस लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. मुख्य चैत्यात सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत आणि ते थोडेसे आत कललेले आहेत. छताला लाकडी कमानी आहेत. आत बुद्धमूर्ती नाही, साधा स्तूप आहे. बुद्धाची मूर्ती घडवण्याची प्रथा सुरू होण्यापूर्वीचे हे काम आहे.

आमच्याबरोबर वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांची हयात सुतारकामात गेली. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि मुलांना जवळ बोलावून म्हणाले, "हे सगळं सुताराच्या डोक्यातून निघालंय. लाकडाच्या घराला कमानीचं छप्पर असलं की त्याचा रेटा बाहेर बसतो. म्हणून खांब आत कलते ठेवायचे. इथं दगडात त्याची गरज नाही, पण हात सवयीनं तसाच चाललाय."

पुस्तकात वाचलेली गोष्ट त्या दिवशी आम्हाला खरी कळली. चैत्याचा दर्शनी भागही लाकडाचा होता. तो नष्ट झाला, पण लाकूड बसवण्याच्या खाचा खडकात अजून दिसतात.

पुढे चौदा लहान स्तूप एका ठिकाणी आहेत. काहींवर थोर भिक्खूंची नावे कोरली आहेत. येथेच पाण्याचे एक टाके आहे. ते दान देणाऱ्याचे नाव, महारठी कोसिकीपुत्त विण्हुदत्त, तेथे कोरलेले आहे. पाण्याचे दान खडकावर नोंदवून ठेवणारी माणसे याच भूमीत होऊन गेली आणि याच भूमीत १९२७ साली पाण्याला हात लावण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला. त्या टाक्याजवळ उभे राहून मुलांना हे सांगताना आमच्यातल्या एक ताई थांबल्या. त्यांना पुढे बोलवेना.

भाज्याहून परत स्टेशनाकडे आलो आणि रूळ ओलांडून उत्तरेची वाट धरली. हा टप्पा शेतांचा. भात कापून झाले होते. खाचरांत नुसती धसकटे उरली होती आणि पेंढ्याच्या गंजी रचून ठेवल्या होत्या. जमिनीत उरलेल्या ओलीवर कुठे हरभरा हिरवा दिसत होता. आपण बाजारातून आणतो तो इंद्रायणी तांदूळ याच मावळातला. तो वाण १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार केला. नदीकाठी सावली पाहून आम्ही डबे सोडले.

या शेतांचा आणि लेण्यांचा संबंध फार जुना आहे. कार्ल्याच्या शिलालेखांत या भागाचे नाव मामाल असे येते, तेच आजचे मावळ. लेण्यांच्या जागेचे नाव वलूरक. नहपान राजाचा जावई उषवदात याने येथे वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहाकरिता करजिक हे गाव दान दिले, असे तेथे कोरले आहे. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली, तरी त्यांनी ते दान चालू ठेवले. म्हणजे पावसाचे तीन महिने भिक्खू डोंगरात राहत, धम्म सांगत, आणि त्यांच्या भिक्षापात्रातला भात खालच्या शिवारातून येत असे. लेणी पाहताना राबणाऱ्या त्या शेतकऱ्याचे स्मरण ठेवले पाहिजे.

इंद्रायणीचा पूल आणि जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडून कार्ल्याच्या पायथ्याशी पोहोचलो. स्टेशनापासून हे अंतर चार-पाच किलोमीटर आहे. पुढे तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. वर चैत्याच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने गर्दी असते. मात्र चैत्यात पाऊल ठेवले की एकदम शांत वाटते. सुमारे पंचेचाळीस मीटर लांब आणि चौदा मीटर उंच असा हा चैत्य भारतातल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा. छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र अजून टिकून आहे.

येथील खांबाखांबांवर दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, सोपाऱ्याचा माणूस आहे, एक अत्तरविक्या आहे, भिक्खुणी आहेत. आणि दारावर एक नाव आहे सामी, वेणुवासाचा पुत्र, धेनुकाकटचा सुतार. हे दार त्याने केले.

काकांना हे वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा विचारले, "सुताराचं नाव? राजाच्या नावाबरोबर?" आम्ही हो म्हणालो. मग ते म्हणाले, "आम्ही चाळीस वर्षं दारं केली. कुणी विचारलं नाही कुणी केली ते."

वाचकहो, या वाटेवर आम्हाला मिळाले ते हेच. राजाचे गाव, शेठजीचा पैसा आणि सुताराचे हात एकाच दगडावर नोंदवणारा समाज येथे होता. आपल्या मुलांनी हे फक्त परीक्षेपुरते पाठ करू नये. त्या दारापाशी उभे राहून आपल्या आजोबांच्या हातांकडे पाहावे.

जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुपारी लोकल विरळ असतात, वेळापत्रक पाहून निघावे. पाणी भरपूर घ्यावे. दोन्ही लेणी एका दिवसात झेपणार नसतील तर एकच निवडावे. भिंतींवर अलीकडच्या लोकांनी खरडलेली नावे पाहून वाईट वाटते. मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि ब्राह्मी अक्षरे वहीत उतरवून घ्यावीत. 'दानं' हा शब्द आमच्या पाचवीतल्या मुलीने तीन ठिकाणी ओळखला.

पुण्याकडे परतताना याच मार्गावर देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथील विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. दिवस उरला असेल तर तेथेही उतरावे. आमच्या आजी तेवढ्यासाठी थकवा विसरून सर्वांच्या पुढे चालत होत्या.