पेन्सिलीचा गोल

पुण्याच्या ‘यशदा’तलं ग्रामपंचायत सदस्यांचं प्रशिक्षण आटोपून काल परतले; मन मात्र अजून तिथंच घुटमळतंय. खोलीत सोबत होत्या समोरच्या पॅनेलच्या काकू. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, तरी कोण कुणाचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मतमोजणीपासून आमचं बोलणं बंद होतं.

विकास आराखड्याचा सराव होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले. उरलेल्या ४० टक्क्यांत काय काय बसवायचं? काकूंनी कागदावर त्यांच्या वाडीचा रस्ता काढला. मग न विचारता माझ्या वस्तीतल्या गळक्या टाकीभोवती पेन्सिलीनं गोल केला. तो गोल डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं तर! मग सभेत कधी बोलल्या का नाहीत? की बोलू दिलं नाही कुणी?

२०११ पासून राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. पण पॅनेलप्रमुखांना डावलून एकमेकींशी बोलायची सवय आम्हाला अशा मुक्कामातच लागते, असं मला मनापासून वाटतं.

उद्या मासिक सभा. टाकीचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक म्हणून काकूंचं नाव सुचवीन म्हणते. त्या हो म्हणतील?