आधी कॅमेरा कोणता ते सांगा

परभणी जिल्ह्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कॅमेरा कोणता?’ हाच विचारतात, आणि तो मला अजूनही टोचतो. सेलू असो, जिंतूर असो की गंगाखेड, जुने अल्बम उघडून बघायच्या आधी बॉडीवरचं नाव वाचलं जातं आणि त्यावरून भाव ठरतो. तुळशीचं लग्न लागलं की तिथ्या सुरू होतात, त्यावर वर्षाचं घर चालतं. कापूस-सोयाबीनला भाव नसला की घासाघीस फोटोवाल्याशीही होते. नाव मात्र महागाचंच हवं असतं.

अल्बमचाच हिशेब करू. 12 बाय 36 च्या करिझ्मा अल्बमचं एक पान 12 बाय 18 इंचांचं. इंचाला 300 ठिपके धरले तरी 5400 बाय 3600 ठिपक्यांत ते भरतं. कॅननच्या स्वस्तातल्या 1500डीचा फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा, आणि त्याच कंपनीच्या कितीतरी महाग आर6 मार्क 2 चाही तेवढाच. दुपारच्या मुहूर्ताला अंतरपाट दूर होतो, अक्षता हवेत असतात, फ्लॅश नीट लावलेला असतो. त्या क्षणाचा फोटो कोणत्या बॉडीने काढला हे छापलेल्या पानावरून सांगणं कठीण आहे. रात्रीच्या वरातीचं वेगळं. तिथे मोठा सेन्सर आणि अंधारात पकडणारा फोकस लागतो, हे मला मान्य आहे. पण डीजेच्या लेझरचा झोत लेन्समधून आत शिरला तर महागाचा सेन्सरही जळतो, आणि तो बदलायचा खर्च तालुक्याच्या ठिकाणच्या दराने निघत नाही.

स्वस्तातला माल दगा देतो, असा आक्षेप घेतात. देतोही कधीकधी. पण फेरे आणि अक्षता परत होत नाहीत, म्हणून या धंद्यात प्रत्येक वस्तू दोन-दोन लागते. गोडॉक्सचे दोन फ्लॅश बॅगेत असणं हे नामांकित कंपनीच्या एकाच महागड्या फ्लॅशपेक्षा जास्त भरवशाचं, असं माझं ठाम मत आहे.

मला खरा अन्याय वाटतो तो लेन्सच्या बाबतीत. कॅननने 2018 मध्ये आरएफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची नवी जोडणी, आणलं आणि इतर कंपन्यांना त्यात वाव दिला नाही. 2022 मध्ये व्हिल्ट्रॉक्स या चिनी लेन्स कंपनीला त्या माउंटच्या ऑटोफोकस लेन्स विकणं कॅननच्या सांगण्यावरून थांबवावं लागलं. सिग्मा आणि टॅमरॉन या लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांना 2024 मध्ये दार उघडलं, तेही लहान सेन्सरच्या लेन्सपुरतं. याची किंमत किती? कॅननची 85 एमएम एफ/1.2 लेन्स 2019 मध्ये अमेरिकेत 2699 डॉलरला आली; पुढच्याच वर्षी सिग्माची 85 एमएम एफ/1.4 आली 1199 ला, पण ती आरएफ माउंटवर मिळाली नाही. पेटंट कंपनीचं, संशोधनाचा खर्च तिचा, मग हक्कही तिचाच, असं म्हणता येईल. कायद्याने ते बरोबर आहे. पण याच कंपनीचा 1936 चा पहिला कॅमेरा, हान्सा कॅनन, आजच्या निकॉनची निक्कोर लेन्स लावून विकला गेला, कारण तिच्याकडे स्वतःची लेन्सच नव्हती. पुढे कितीतरी वर्षं तिने लायकाच्याच स्क्रू माउंटवर कॅमेरे बनवले. तेव्हा जपानी माल म्हणजे जर्मन कॅमेऱ्यांची स्वस्त नक्कल समजला जायचा. 1950 मध्ये अमेरिकन छायाचित्रपत्रकार डेव्हिड डग्लस डंकनने कोरियाच्या युद्धात निक्कोर लेन्स वापरल्या, त्यानंतर जगाचं मत बदलू लागलं. दुसऱ्याच्या माउंटवर वर आलेल्यांनी आपलं माउंट बंद करावं, हे मला पटत नाही. उलट सोनीने 2011 मध्ये ई-माउंटचा तपशील लेन्स बनवणाऱ्यांना फुकट दिला, आणि त्यात सोनीचं नुकसान झालेलं दिसत नाही.

कॅननच्याच जुन्या ईएफ माउंटच्या सिग्मा-टॅमरॉन लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर चालतात, हे खरं, आणि अनेकजण तसंच भागवतात. तरी नव्याने धंद्यात येणाऱ्या पोरांनी बॉडीची किंमत विचारण्याआधी तिच्यावर दुसऱ्या कंपनीच्या कोणत्या लेन्स बसतात ते विचारावं. वरातीच्या ऑर्डरी जास्त असतील तर महागडी बॉडी घ्यायला माझी हरकत नाही. मोजक्याच असतील तर तेवढ्या रात्रीपुरती ती भाड्याने आणावी आणि वाचलेल्या पैशांत दुसरी लेन्स घ्यावी.